आईचा रिकामा रकाना

तारीख ११ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळचे सव्वाअकरा. बेळगावातल्या एका खासगी हॉस्पिटलची ओपीडी, दुसरा मजला.

हजर: आई (वय ७९, व्हीलचेअरवर). मी (वय ५४, हातात फाइल). आमचे हे, गाडी लावून नुकतेच वर आलेले. वृद्धांचे आजार बघणारे डॉक्टर. त्यांच्याकडची फिजिओथेरपिस्ट शिल्पा. फोनवर अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, कोगनोळीजवळच्या आमच्या गावातून.

ही नोंद मी त्याच दिवशी वहीत केली. मी एका हायस्कूलच्या ऑफिसात अधीक्षक आहे. आधी तारीख, मग हजेरी, मग विषय, ही इतक्या वर्षांची सवय आहे. त्या दिवशी विषयापुढे मी लिहिलं होतं, ‘आईला अचानक आलेला अशक्तपणा’. तासाभराने त्यातला ‘अचानक’ हा शब्द मीच खोडला.

डॉक्टरांनी आईची नाडी पाहिली, जीभ पाहिली, हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडीची घडी तशीच उभी राहिली. मग आईला साध्या खुर्चीत बसवून ते म्हणाले, “आजी, हात न टेकता उठून दाखवा.”

आईने माझ्याकडे पाहिलं. मी सवयीने तिच्या काखेत हात घातला.

“तुम्ही नाही,” डॉक्टर म्हणाले. “त्यांना उठू द्या.”

आई पुढे झुकली. तिच्या मांड्या थरथरायला लागल्या. वीतभर उचलली गेली आणि धपकन बसली. दुसऱ्या खेपेला तेवढंही जमलं नाही.

“कधीपासून असं?”

मी फाइल उघडली. चार महिन्यांचे तक्ते होते. रक्तदाब दिवसातून दोनदा, औषधं, शौचाची वेळ, झोप, जेवण, सगळं वेगवेगळ्या रंगांच्या पेनांनी. आई स्वतःहून खुर्चीतून शेवटची कधी उठली, ते मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं.

डॉक्टरांनी तक्ता हातात घेतला आणि वाचायला लागले. “सहा वाजता तोंड धुणे. कोण धुतं?”

“मी.”

“सव्वासहा, केस विंचरणे?”

“मी.”

“साडेआठ, नाश्ता भरवणे. का, हात चालत नाहीत?”

“चालतात. पण सांडतं. मला शाळा गाठायची असते.”

त्यांनी तक्ता शिल्पाकडे दिला. तिने पेन्सिलीने मधोमध एक उभी रेघ मारली. डाव्या बाजूला लिहिलं, ‘घरचे करतात’. उजव्या बाजूला लिहिलं, ‘आजी करतात’. मग एकेका कामापुढे खूण करत गेली. सगळ्या खुणा डावीकडे पडल्या. उजवा रकाना खालपर्यंत कोरा राहिला. तिने तक्ता तसाच माझ्यासमोर ठेवला.

डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, ‘डिहायड्रेशन’, म्हणजे शरीरातलं पाणी कमी होणं. दुसरी, ‘यूटीआय’ची शंका, म्हणजे लघवीच्या मार्गातला जंतुसंसर्ग. तिसरी, आणि त्यांच्या मते सगळ्यात मोठी, ‘डीकंडिशनिंग’. “म्हणजे वापर थांबला की शरीर ताकद सोडून देतं. या वयात फार लवकर सोडतं. खुब्याचं ऑपरेशन उत्तम झालंय, एक्स-रे बघा. आजी खुब्यामुळे बसलेल्या नाहीत. त्यांना बसवून ठेवलंय.”

आईचं माहेर कन्नड, पण एवढं मराठी तिला पुरेपूर कळतं. ती म्हणाली, “डॉक्टर, माझं मला उठून मोरीपर्यंत जाता येईल का? तेवढं एक सांगा. तेवढं जमलं की मी माझ्या घरी जाते.”

“पूर्वीसारखं चालणं होणार नाही, आजी. मोरीपर्यंत जमू शकतं. तुम्हाला कष्ट पडतील.”

“कष्टाला कोण भितंय,” आई म्हणाली.

मग त्यांनी मला विचारलं, “पाणी किती पितात?”

या प्रश्नाचं उत्तर मी अभिमानाने दिलं. आम्ही जैन. आईचा लग्नाआधीपासूनचा नियम आहे, सूर्य मावळल्यावर अन्न नाही आणि पाण्याचा थेंबही नाही. ऑपरेशननंतरसुद्धा तिने तो मोडला नाही. संध्याकाळच्या गोळ्याही मी पावणेसहाच्या आत देते, तशी वेळच आखली आहे.

“नियम पाळता येतो. दिवसा भरून काढायचं. पण इथं दुपारी दोननंतर पाण्याची नोंदच नाही.”

“गोळीपुरता घोट सोडला, तर दोननंतर ती घेत नाही. फार कडक पाळते.”

डॉक्टरांनी चष्मा वर केला. “सूर्य दोनला मावळत नाही, मॅडम.”

आमचे हे माझ्याकडे बघत होते. दुपारच्या दोननंतर आईच्या पोटात पाणी जात नाही, हे मी चार महिने स्वतःच्या हाताने लिहीत होते, आणि का, हे एकदाही विचारलं नव्हतं.

आता सुरुवातीपासून सांगते.

जुलैमध्ये आई गावच्या घरात मोरीच्या उंबऱ्याला अडखळून पडली. त्याआधी दोन-तीन महिने बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, मांडी घालून बसली की उठताना तिला खांबाचा आधार लागायला लागला होता. वहिनीने तसं फोनवर सांगितलंही होतं. मी म्हटलं, वय झालंय. माझ्यासारखं ‘वय झालंय’ म्हणून सोडून देऊ नका. खाली बसलेलं माणूस आधाराशिवाय उठत नसेल, तर ते पहिलं लक्षण असतं.

अण्णाने तिला निपाणीला नेलं, तिथून बेळगावला आणलं. ‘फ्रॅक्चर नेक फीमर’ निघालं, म्हणजे मांडीचं हाड खुब्याजवळ मोडलेलं. दोन दिवसांनी ‘हेमिआर्थ्रोप्लास्टी’ झाली, म्हणजे खुब्याच्या सांध्यातला मोडलेला गोळा काढून धातूचा बसवला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी तिला वॉकर धरून उभं केलं. पाचव्या दिवशी ती वॉर्डच्या दारापर्यंत चालली. डिस्चार्जच्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं की रोज चालवा, स्वतःची कामं स्वतः करू द्या. तो कागद मी फाइलमध्ये पहिल्याच पानाला लावला होता.

वहिनी म्हणाली, “मी न्हेते गावाला. आमी बगतो की.”

मी नको म्हटलं. तपासण्या बेळगावात आहेत, माझं घर तळमजल्यावर आहे, वगैरे कारणं दिली. खरं कारण माझ्या मनात वेगळं होतं. वहिनीकडे वेळेला काही होत नाही, असं मला वाटायचं. अण्णा मात्र खूश होता. “सुमन, तुझ्यासारखं नीटनेटकं कुणाला जमणार न्हाय गं,” म्हणाला. मला तेच ऐकायचं होतं.

तक्ता पहिल्याच दिवशी फ्रिजच्या दाराला लागला. दिवसाला एक बाई ठेवली, संध्याकाळपासूनचं सगळं माझ्याकडे. साडेनऊला मी घराबाहेर पडणार, त्याच्या आत आईचं सगळं उरकलं पाहिजे, असा हिशेब. मोरीसाठी दहा मिनिटं ठेवली होती. आईला पंचवीस लागायची. वॉकर एक पाऊल पुढे, मग ती, मग थांबणार, मग दारात वळणार. मी मागे घड्याळाकडे बघत उभी. दुसऱ्या आठवड्यात शाळेत तपासणी होती. त्या दिवशी मी मोठ्यांचे डायपर आणले. आईपुढे मी त्यांना ‘पॅड’ म्हणायचे.

आधी म्हटलं, रात्रीपुरतं. मग म्हटलं, बाई नवीन आहे, दिवसाही असू दे. मग वॉकर कपाटामागे गेला.

एका सकाळी मी पोळीचा डबा भरत होते. आतून आईने हाक मारली, “सुमन, मला मोरीत न्हेतीस काय?”

मी जागेवरूनच म्हटलं, “आई, पॅड आहे ना? त्यातच कर.”

त्यानंतर तिने परत कधी हाक मारली नाही. मी तक्त्यावर लिहिलं, ‘आता त्रास देत नाही’. हे वाक्य अजून माझ्या अक्षरात तिथं आहे.

भाद्रपदात दशलक्षण पर्व आलं. दहा दिवस उपवास, पूजा, प्रवचनं. आई बस्तीत जाऊ शकत नव्हती. मी मंडळातल्या बायकांना सांगितलं की या आजारपणात, या वयात, आईने सूर्यास्ताचा नियम मोडला नाही, उलट दुपारपासूनच पाणी सोडते. बायका हळहळल्या. पाचजणी घरी आल्या, आईच्या पायाला हात लावला, श्रीफळ आणि शाल दिली. एकजण म्हणाली, “आजी, तुमचं बघून आमाला लाज वाटती. आमाला दोन घास सोडवत न्हाईत.”

आई खाली मान घालून बसली होती. शाल खांद्यावरून घसरत होती ती तिने सावरली नाही. मला वाटलं, विनय. मी फोटो काढला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला.

पर्व संपल्यावर क्षमावाणी असते. वर्षभरात ज्यांना कळत-नकळत दुखावलं, त्यांची हात जोडून क्षमा मागायची. समोरच्यानेही तशीच मागायची, नुसतं ऐकून घ्यायचं नाही. माझी यादी तयार होती. बेचाळीस नावं, फोन झाला की पुढे खूण. मी एकविसाव्या नावावर होते तेव्हा पलंगावरून आईने हात जोडले.

“सुमन, माझ्याकडनं काय चुकलं असंल तर क्षमा कर गं. तुला लई तरास दिला मी.”

माझ्या कानाला फोन होता, पलीकडे रिंग वाजत होती. मी हाताने खूण केली, असू दे, असू दे. आणि पलीकडच्या मावसबहिणीला म्हटलं, “उत्तम क्षमा.”

बेचाळीस खुणा पूर्ण झाल्या. घरातल्या माणसांची नावं मी यादीत घातलीच नव्हती.

ऑक्टोबरात आई गप्प झाली. मग बडबडायला लागली. एकदा शाळेतून आले तर म्हणाली, “कळशी कुठं ठिवलीस? आडावर गर्दी हुईल.” मला न ओळखता ती तिच्या वारलेल्या बहिणीशी कन्नडमध्ये बोलायची. तिचं माहेर चिकोडीकडचं, लहानपण सगळं कन्नडमधलं. मी वहीत लिहिलं, ‘विसराळूपणा, वयोमानानुसार’. तो ‘डिलिरियम’ होता, असं नंतर डॉक्टरांनी सांगितलं. म्हणजे अंगात संसर्ग किंवा पाण्याची कमतरता असली की म्हाताऱ्या माणसाच्या मेंदूचा तात्पुरता गोंधळ उडतो, कधी जास्त, कधी कमी. उपचार केले की तो उतरतो. वयावर घालून गप्प बसलं की वाढतो. शेवटी ती बसल्या जागी कलंडायला लागली, तेव्हा मी ११ नोव्हेंबरची वेळ घेतली.

त्याच दिवशी तिला दाखल केलं. सलाइन, अँटिबायोटिक, लघवीची तपासणी. संसर्ग होताच. नर्सने विचारलं, कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी घालायची का. डॉक्टर म्हणाले, “नको. पॅडही काढा. पलंगाशेजारी कमोडची खुर्ची ठेवा. दर दोन तासांनी बसवा.”

दोन दिवसांत आईचं डोकं ठिकाणावर आलं. तिसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास मी घरून थर्मास घेऊन आले, तर पलंगाभोवती पडदा ओढलेला होता. आत शिल्पा होती. ती बैलहोंगलकडची. आईशी कन्नडमध्ये बोलत होती. मला कन्नड येतं, हे आईला माहीत आहे. मी पडद्याबाहेर उभी आहे, हे तिला माहीत नव्हतं.

शिल्पाने विचारलं, आजी, दुपारनंतर पाणी का बंद करता? नियम तर सूर्य मावळल्यावरचा.

आई म्हणाली ते मी मराठीत लिहिते. “प्यालं की होतं. झालं की ते बदलायला मुलगी येते, शाळेतनं दमून. माझ्या पोटची आहे, पण तिच्यासमोर पाय वर करून पडायचं म्हणजे...” आणि मग एकच शब्द म्हणाली, “नाचिकी.” म्हणजे लाज.

शिल्पा म्हणाली, मग मुलीला सांगायचं की.

“ती घड्याळाकडं बघते. तिला काय सांगू? आणि आता सांगायची सोय उरली नाही. सगळ्या बायका येऊन पाया पडून गेल्या. मी लाजेनं पाणी सोडलं, आणि लोक म्हणतात धर्मानं. आयुष्यभर खरा पाळलेला नियम. त्याच्या आड लपायला लागले मी. ते पाप निराळंच.”

मी थर्मास नर्सच्या टेबलावर ठेवला आणि खाली कँटीनमध्ये गेले. चहा मागवला, प्यायला नाही. पिशवीतून वही काढली आणि यादी करायला लागले. कमोडची खुर्ची. उंच टेकूची खुर्ची. मोरीत धरायला दांडा. मला दुसरं काही येत नाही. पाच-सहा ओळींनंतर अक्षर दिसेना.

तिथं बसल्यावर कळलं की घरात लाज वाटून घेणारी एकच व्यक्ती होती, आणि ती चुकीची व्यक्ती होती. तिच्या वाट्याची लाज माझी होती. मी ती तिच्या अंगावर रोज सकाळी नेसवत होते, टेप घट्ट लावून.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत तीन आठवड्यांच्या रजेचा अर्ज दिला. रजा भरपूर शिल्लक होती. ती जुलैतही शिल्लक होती.

आईला घरी आणल्यावर शिल्पा रोज यायला लागली आणि तिने नवा तक्ता केला. त्यात माझ्यासाठी एकच ओळ होती, ‘जवळ उभं राहणे, हात मागे बांधणे’. मला वाटलं गंमत आहे. तिने खरंच मला हात मागे बांधून उभं केलं. आईला खुर्चीच्या पायांखाली लाकडी ठोकळे देऊन उंच बसवलं. पाय मागे, नाक पुढे, आणि उठ. पहिल्या दिवशी दोनदा उठली. पाचव्या दिवशी पाचदा. मग ठोकळे काढले.

पॅड सुटल्यावर पहिले काही दिवस चादरी बदलण्यात गेले. दर दोन तासांनी मी विचारायचे, आई वहीकडे बघून कंटाळायची. “शाळंत पोरांची हजेरी घेतीस, हितं माझ्या मुताची घेतीस,” म्हणाली एकदा. आमचे हे जोरात हसले. मीही हसले. त्या घरात ती बऱ्याच दिवसांनी हिशेब चुकता केल्यासारखी बोलली होती, आणि मला ते हवं होतं.

नवव्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात होते. वॉकर फरशीवर वाजला. मी धावले. आई मोरीच्या दारात होती. मी पुढे गेले तशी तिने मान न वळवता म्हटलं, “हात मागं.”

मी हात मागे घेतले. तिने दार लोटून घेतलं.

नाश्ता ती स्वतः खायला लागली. सांडायचं. पोहे सांडले तर पुसायला किती वेळ लागतो, हे मी कधी मोजलंच नव्हतं. दीड मिनिट लागतं.

पाण्याचंही बसवलं. सकाळपासून दर तासाला अर्धा पेला, शेवटचे दोन पेले सूर्य मावळायच्या आधी, आणि त्यानंतर एकदा मोरी. नियम जसाच्या तसा राहिला. डॉक्टर पुढच्या तपासणीला म्हणाले, “नियमाने काही बिघडलं नव्हतं.” त्यांनी वाक्य तिथंच सोडलं. आई माझ्याकडे बघत नव्हती. तिला ठाऊक आहे का, की मी पडद्याबाहेर होते? मला अजून सांगता येत नाही.

डिसेंबरच्या शेवटी ती गावी गेली. अण्णाने मोरीचा उंबरा फोडून सपाट केला होता, भिंतीला दांडा लावला होता. गाडी कोगनोळीचा नाका ओलांडून गावाकडे वळली तशी आई काच खाली करून बघायला लागली. दारात वहिनी उभी होती. मी तिच्यासाठी चार पानांच्या सूचना लिहून नेल्या होत्या. वहिनीने त्या दोन्ही हातांनी घेतल्या, भिंतीतल्या देवळीत ठेवल्या, आणि आईला म्हणाली, “आत्ती, पाणी गाळायचं ऱ्हायलंय. मी घागर काढून दिऊ का?”

आई सरळ आडाकडे गेली. वॉकरने, थांबत थांबत. वहिनीने घागर काढून दिली, खुर्ची दिली. आईने हंड्याच्या तोंडावर दुहेरी फडकं बांधलं आणि बारीक धारेने पाणी ओतायला लागली. थोडं बाहेर सांडलं. गाळून झाल्यावर फडकं उलटं करून त्यात अडकलेले जीव जिथले तिथे जावेत म्हणून थोडं पाणी परत आडात सोडायचं असतं. तेवढं आडाच्या कठड्याला टेकून तिने उभ्याने केलं. वहिनी शेजारी होती, पण तिने हात लावला नाही. कुणी तिला शिकवलं नव्हतं. वेळेला काही होत नाही असं ज्या घराबद्दल मी म्हणायचे, त्या घरात आईला पाच महिन्यांनी पहिलं काम मिळालं.

आता फेब्रुवारी आहे. आई घरातल्या घरात चालते, मोरीत एकटी जाते, हाताने जेवते. अंघोळीला वहिनी पाठ चोळून देते. बस्तीच्या पाच पायऱ्यांपैकी तीन ती चढते, मग तिथंच बसून हात जोडते. वरच्या दोन होतील असं डॉक्टर म्हणत नाहीत. ती जुलैआधीसारखी झालेली नाही, होणारही नाही. त्यातलं किती हाडाने नेलं आणि किती मी नेलं, हे कुठल्याही तपासणीत निघणार नाही.

तुमच्या घरात असं माणूस असेल तर तुमच्या तक्त्यावर आधी एक उभी रेघ मारा. उजवा रकाना रोज बघा. केस विंचरणं, कपड्याची घडी, शेंगा सोलणं, काहीही, पण तो रिकामा ठेवू नका. तुम्ही प्रेमाने करता की घाईने, हे शरीराला कळत नाही. ते दोन्हीमुळे सारखंच खचतं. आणि कुणी पाणी कमी पीत असेल, तर कारण विचारा. तुम्हाला सांगणार नसतील, तर जिला सांगतील तिला विचारायला लावा. शिल्पाची आणि त्या डॉक्टरांची मी ऋणी आहे. ते मला रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

मी आता दर रविवारी गावी जाते. शनिवारी यादी करते. गेल्या रविवारची अशी होती: वॉकरची नवी रबरं, मोरीतला बल्ब, पाणी गाळायला जाड सुती कापड. चौथी ओळ डिसेंबरपासून प्रत्येक यादीत आहे, ‘आईची क्षमा मागणे’. वर्षातून एकदाच मागावी असं काही नाही. हात जोडायचे आणि ते दोन शब्द कबूल करायचे, सकाळच्या पोळीच्या डब्याजवळून म्हटलेलं ‘त्यातच कर’ हे.

रविवारी संध्याकाळी सूर्य अजून वर होता. आईने माझ्यासमोर दोन पेले पाणी प्यायलं, पेला पालथा ठेवला आणि वॉकर ओढला. मी मोरीच्या बाहेर उभी राहिले, हात मागे. आतून आई म्हणाली, “सुमे, हायस का गेलीस?”

“आहे.”

“मग गप का? बोल की कायतरी.”

मधे बंद दार होतं. तिला माझं तोंड दिसत नव्हतं, मला तिचं. याहून सोपी जागा मला मिळणार नाही, हे मला उभ्या उभ्या कळत होतं. मी हात पुढे घेऊन जोडलेसुद्धा.

“वॉकरची रबरं घट्ट बसलीत का?” मी विचारलं.

“बसलीत,” आई म्हणाली.

बल्ब लावला. कापड दिलं. तीन खुणा केल्या. चौथी ओळ येत्या रविवारच्या पानावर उतरवून घेतली.